गरम चिमटा

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. त्या साली वाचनालयाच्या सभागृहात थेंबबाबांसाठी इतकी गर्दी लोटली होती, की माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती.

व्यासपीठावर टेबल, टेबलावर काचेच्या दोन बशा आणि बशांत साईच्या रंगाच्या गुबगुबीत अळ्या.

"मुलांनो!" बाबा गरजले. "या जिवांत मी बुरशीचं विष सोडलंय. हीच बुरशी तुमच्या नाकात, डोळ्यांत, फुप्फुसांत घर करते. डॉक्टर म्हणतो, महिनोन्‌महिने औषध घ्या. मी म्हणतो, थेंब घ्या! विज्ञान जिथं दमून खाली बसतं, तिथं माझा थेंब उठून उभा राहतो!"

उजव्या बशीतल्या अळ्या त्यांनी बोटांनी अलगद उचलल्या, कुपीतला थेंब दिला आणि परत ठेवल्या. डाव्या बशीतल्या मात्र त्यांनी चिमट्यानं उचलून परत बशीत ठेवल्या. "ज्यांना थेंब नाही, त्यांना माझा स्पर्शही नाही!" दर वेळी चिमटा दिव्याच्या ज्योतीवर धरून 'शुद्ध' केला जाई. तो दिवा हातात धरून उभी होती दोघी बहिणींतली थोरली.

बशांवर रुमाल पडले, बाबा तासभर बोलले, रुमाल उचलले गेले. डावीकडच्या अळ्या काळ्या! उजवीकडच्या तशाच गोऱ्यापान! सभागृह दणाणलं. पहिल्या रांगेत, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली तिची आई हात जोडून उठली.

शेवटच्या रांगेत धाकटीच्या पोटात आग पडली. ती आग विज्ञानाची होती असं म्हटलं तर खोटं होईल. तो हेवा होता, लहानपणापासून जपलेला.

थोरली दिसायला देखणी, बोलायला गोड. आईनं शिवलेला प्रत्येक नवा फ्रॉक आधी तिच्या अंगाला, मग उसवून धाकटीच्या. धाकटी शिकली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली, बुरशीवरची नवी औषधं आधी मेणपतंगाच्या अळीवर तपासू लागली. पोळ्यातलं मेण खाणारी ही अळी. माणसाच्या अंगाइतक्या उबेत ती राहते, बुरशीशी थोडीफार आपल्या रक्तासारखीच झुंजते, आणि हरली की काळी पडते. पण घरी याचं कौतुक काय? "आमची अळीबाई आली, हात धुवा गं!"

आईला मधुमेह. त्यातून नाकात बुरशी शिरली आणि डोळ्याकडे सरकू लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध एक दिवसही चुकता कामा नये. आई मात्र आठवडाभर फक्त थेंब घेत होती. कारण थेंब थोरलीनं आणला होता.

गर्दीतून वाट काढत धाकटी आईजवळ पोचली.

"आई, घरी चल. औषधाची वेळ झालीय."

"डोळ्यांनी बघितलंस ना आत्ता? तुझ्या त्या अळ्या मरतात. हिच्या जगतात."

हिच्या! धाकटीला ते सुईसारखं टोचलं. ती तरातरा व्यासपीठावर चढली आणि डावी बशी तिनं डोळ्यांजवळ नेली. अळ्या काळ्या होत्या खऱ्या, पण अंगभर नव्हे. प्रत्येकीच्या कमरेला तेवढा काळा पट्टा होता.

हा पट्टा तिच्या ओळखीचा होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिनं चिमटा ज्योतीत निर्जंतुक केला आणि थंड न होऊ देताच अळ्या उचलल्या. अख्खा डबा काळा पडला. सर पोट धरून हसले होते, "बाई, रोग द्यायचा होता, डाग नव्हे!" प्रत्येक नवशिक्या एकदा तरी ही चूक करतोच. हाच किस्सा तिनं प्रयोगशाळा बघायला आलेल्या थोरलीला हसत हसत सांगितला होता.

"यांना बुरशी झालेलीच नाही," धाकटी मोठ्यानं म्हणाली. "बुरशीला मारायला दिवस लागतात, एका प्रवचनात ती कुणाला मारत नाही. ह्या भाजल्यात. गरम चिमट्यानं."

"खाली उतर," थोरली दातओठ खात म्हणाली. "तुला माझं काही म्हणता काही बघवत नाही. कधीच बघवलं नाही."

"नाही बघवत," धाकटी म्हणाली. "खरं आहे. पण अळीला ना तुझी भक्ती कळते, ना माझा हेवा. म्हणून मी हात लावत नाही, तूही लावू नकोस. हाच प्रयोग आई उलटा करून बघेल."

"अश्रद्ध हातानं थेंब बिघडतो!" बाबा ओरडले.

आई जागेवरूनच म्हणाली, "माझा हात अश्रद्ध? काल तर म्हणालात, माझ्याएवढी श्रद्धा अख्ख्या शहरात कुणाची नाही!"

लोक हसले. बाबांना हसता येईना, नाही म्हणता येईना.

आई वर आली. आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेली बाई, एका डोळ्यानंही हात स्थिर. थेंब मिळालेल्या अळ्यांपैकी काही तिनं ज्योतीवर तापवलेल्या चिमट्यानं उचलल्या. मग बाबांच्या डब्यातून नव्या, थेंब न मिळालेल्या अळ्या घेतल्या आणि त्या पाण्यात बुडवून गार केलेल्या चिमट्यानं उचलल्या. या वेळी रुमाल नव्हता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थेंबवाल्या अळ्यांच्या कमरेला तपकिरी रेघ उमटली, हळूहळू काळी झाली. बिनथेंबाच्या खुशाल वळवळत राहिल्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, यांना अजून एक थेंब द्या की!"

थोरली हातातल्या दिव्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तो किस्सा मी बाबांना गंमत म्हणून सांगितला होता गं. दिवा मात्र... शुद्धीसाठीच धरला." आणि तिनं फुंकर मारून तो विझवला.

आईनं चिमटा खाली ठेवला. "चल," ती धाकटीला म्हणाली, "औषधाची वेळ झाली म्हणत होतीस ना?"

पुढे बाबा दुसऱ्या शहरात गेले. थेंब सोडून तिथं ते फुंकर विकू लागले असं ऐकलं. गिऱ्हाईक तिथंही मिळालं. प्रयोगशाळेतले सर निवृत्त झाले, पण त्या डब्याचा किस्सा लग्नकार्यातही सांगत राहिले. थोरलीनं वर्षभर बहिणीशी अबोला धरला. मग एके दिवशी डॉक्टरांच्या दारात आईचा दुसरा हात धरायला ती आपण होऊन आली. आईचा तो डोळा गेला. त्या आठवड्याची ती किंमत. पण जीव वाचला, आणि पुढं कितीतरी वर्षं ती शिवत राहिली.

येईल त्याला आई सांगायची, "थोरलीनं दिवा धरला म्हणून तर लबाडी कळली हो!" ते ऐकून धाकटीच्या पोटात अजून कळ उठायची. पिकल्या केसांतही.

हेवा असा सहजासहजी जात नाही, आणि भक्तीही जात नाही. दोन्ही माणसाला आंधळं करतात. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: हाच प्रयोग दुसऱ्या कुणाच्या हातून, रुमाल न टाकता, करून बघू का? जो खरा असेल तो हो म्हणेल. नाही म्हणणाऱ्याचा चिमटा हातात घेऊन बघा. बहुतेक गरम असतो.