माश्यांना सांगायची राहिलेली बातमी

आमच्या विल्टशर परगण्यात घरातलं माणूस गेलं की मधमाश्यांना सांगावं लागतं. घराची किल्ली त्यांच्या पेटीवर ठोकायची, नाव घ्यायचं, काळी फीत बांधायची. न सांगितलं तर माश्या रुसून मरतात. आमच्या घरात आणखी एक रीत होती. गेलेल्यांची नावं, ते ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने सांगायची, आधीचं दाबून पुढचं सांगायचं नाही.

माझा नवरा ईनॉक आफ्रिकेच्या लढाईत तापाने गेला, असा पलटणीचा निरोप उन्हाळ्यातच आला होता. सासूबाईंनी माश्यांना सांगितलं नाही. मला काळं घालू दिलं नाही. "काळं घातलंस की तो मेलाच," म्हणाल्या. रोज त्याचं ताट मांडायच्या, बटाटे आणि बेकन. आणि रोज दिवेलागणीला फाटकाची कडी वाजायची. खरंच वाजायची, मी माझ्या कानांनी ऐकलीय. सासूबाई मान न वळवता म्हणायच्या, "आला." दार उघडावं तर कुणी नसायचं. मला त्या आवाजाची भीती वाटायची आणि सासूबाईंचा राग यायचा. नवरा गेला आणि रडायचीही चोरी.

नवं शतक उजाडून महिनाही झाला नव्हता, तोच देशाची राणी गेली. दुकानातलं काळं कापड बघता बघता संपलं. शेजारच्या डॉर्कसने तर शेळीच्या गळ्यातही काळी चिंधी बांधली. मी माझा निळा झगा कपडे उकळायच्या हंड्यात काळा रंगवून घेतला. राणीसाठी म्हटल्यावर सासूबाईंना नाही म्हणता येईना. चर्चमध्ये मी पोटभर रडले. "किती जीव गं हिचा राणीवर," बायका म्हणाल्या. म्हणू देत.

घरी परतताना डॉर्कसने कुंपणावरून सासूबाईंना विचारलं, "राणीचं माश्यांना सांगितलंस का, थर्झा? नीट सांग हो, नाहीतर त्यांना वाटेल त्यांचीच राणी गेली."

सासूबाई हसल्या नाहीत. किल्ली घेऊन बागेत गेल्या, मी मागोमाग. पेटीवर बर्फ होतं. त्यांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला.

"आई," मी म्हटलं, "राणीच्या आधीचं एक नाव राहिलंय."

"गप बस."

"माश्या मरतील. त्यानेच पाळल्यात त्या."

 त्यांनी किल्ली माझ्या हातात कोंबली. "तू सांग. माझ्या तोंडून नाही निघायचं."

मी किल्ली ठोकली. "ईनॉक गेला," म्हटलं. आतून बारीक गुणगुण आली आणि थांबली. मग सासूबाईंनी राणीचं सांगितलं. फिती दोन बांधल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी दोनच ताटं मांडली. दिवा लागला. कडी वाजली नाही. जेवण निवलं, बाहेर गडद झालं, तरी वाजली नाही.

"सुटलीस बाई," सासूबाई म्हणाल्या. "हेच हवं होतं ना तुला?"

हेच हवं होतं. उन्हाळ्यापासून हेच मागत होते मी. पण घर इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. मी उठले, फळीवरून ईनॉकचं ताट काढलं आणि त्याच्या जागी ठेवलं. सासूबाईंनी त्यात बटाटे वाढले, आणि आम्ही दोघी फाटकाकडे कान लावून बसलो.