भुरीचे ऑपरेशन

मी एक म्हातारी मांजर आहे, मित्रांनो. नाव भुरी, वय पंधरा वर्षे. नारायणगावच्या पेठेतल्या एका किराणा दुकानात माझा जन्म गेला. माझ्या पोटाखाली एक गाठ आहे. तिचे काय करायचे हे माझ्या माणसांनी कसे ठरवले, ते सांगावे म्हणून आज बोलते आहे.

टोमॅटोच्या बाजारातून आलेल्या रिकाम्या क्रेटमध्ये मी सापडले, असे पानबाई सांगतात. पानबाई म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई. त्या जैन; मुंगीवरही पाय पडू देत नाहीत. मांजर ठेवली तर ती उंदीर मारणार, म्हणून आधी त्या मला ठेवायला तयार नव्हत्या. मग त्यांनीच तोड काढली आणि माझ्या गळ्यात घुंगरू बांधले. मी हलले की उंदीर आधीच पळून जात. पोती शाबूत राहिली. गिऱ्हाइके माझे कौतुक करत.

त्याच वर्षी पानबाईंच्या मुलाचे, कल्पेशचे लग्न झाले आणि जागृती या घरात आली. नव्या गावात तिला बोलायला कोणी नव्हते. दुपारी दुकान बंद असले की ती पोत्यावर बसून मला मांडीवर घ्यायची आणि माहेरच्या गोष्टी सांगायची. मला त्यातले फारसे कळत नसे. तिचा हात अंगावरून फिरत राही, तेवढे पुरे होते.

पुढे दुकानाला काचेची कपाटे आली. केस उडतात अशी गिऱ्हाइकांनी तक्रार केली आणि माझी जागा मागच्या गोदामात झाली. दूध-भात वेळेवर मिळे, पण वाटी ठेवून जो तो घाईने निघून जाई. मी कोणाला दोष देत नाही. घरातली कामे वाढली होती.

गेल्या दिवाळीत साफसफाईसाठी जागृती गोदामात आली. तिने मला उचलले तेव्हा तिच्या बोटांना पोटाखाली हरभऱ्याएवढे काहीतरी लागले. केसांचा गुंता असेल म्हणून तिने मला खाली ठेवले. होळीपर्यंत ते सुपारीएवढे झाले होते, आणि मी चाटून चाटून तिथली कातडी सोलवटून घेतली होती.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टर वृषालीताईंनी पाहताच पुण्याला न्यायला सांगितले. तिथे रक्त काढले, छातीचा फोटो काढला, गाठीत सुई घातली. तो कॅन्सर निघाला.

"छाती अजून स्वच्छ आहे," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करता येईल. पोटाची एक बाजू आता, दुसरी महिन्याने. पण हिच्या किडन्या थकल्यात. भुलीतून उठेलच असं मी सांगू शकत नाही. उठली तर वर्षभर मिळेल, कदाचित जास्तही."

"आणि नाही केलं तर?" कल्पेशने विचारले.

"तीन-चार महिने. दुखणं कमी ठेवायला औषध देऊ."

"करायचं," जागृती लगेच म्हणाली. पुढच्या सोमवारची तारीख ठरली.

घरी आल्यावर मी तीन दिवस पोत्यांमागून बाहेर आले नाही. अन्नाला तोंड लावले नाही. पानबाई गोदामात पाट टाकून बसून राहिल्या. चौथ्या दिवशी मी त्यांच्या बोटावरचे दही चाटले. त्या संध्याकाळी सासू-सुनेचे बोलणे झाले.

"म्हातारीला कापायचं कशाला, जागृती? लई हाल व्हतील तिचे."

"मग तशीच मरू द्यायची का, मम्मी?"

"तसं न्हाई म्हणले मी."

जागृती म्हणाली, "दिवाळीत माझ्या हाताला लागलं होतं. मी नीट बघितलंसुद्धा नाही. तेव्हाच दाखवलं असतं तर..."

"चुकलं खरं," पानबाई म्हणाल्या. "पण तुझं एकटीचं न्हाई. आमी सगळ्यांनीच तिला मागं टाकलं व्हतं. त्याची भरपाई आता तिच्या अंगावर नको करू."

जागृतीने तारीख मात्र बदलली नाही.

सोमवारी सकाळी मला उपाशीपोटी टोपलीत घातले. चाकण येईपर्यंत मी ओरडत होते. नंतर आवाजच राहिला नाही. दवाखान्यात जागृतीसमोर सही करायचा कागद आला. डॉक्टरांनी विचारले, "घरी कशी आहे? काय काय करते?"

"सकाळी उन्हात बसते," जागृती सांगू लागली. "दही खाते. मम्मींच्या पायाशी झोपते. काल पोत्यावरही चढली." मग तिनेच विचारले, "ऑपरेशननंतर हे सगळं कधी करेल?"

"टाके निघेपर्यंत पिंजऱ्यात ठेवावं लागेल, चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखा पट्टा घालून. महिन्याने पुन्हा तेच. सगळं नीट झालं, तर त्यानंतर."

जागृतीने टोपलीत हात घातला. त्या हाताला मी जन्मभर डोके घासत आले. त्या दिवशी मात्र मी मागे सरकले. तिने ते पाहिले आणि पेन खाली ठेवले.

"नाही करायचं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांना पुन्हा विचारावे लागले.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "केलं असतं तरी मी तुम्हाला चूक म्हटलं नसतं. हेही चूक नाही." त्यांनी औषधे दिली, जखम कशी धुवायची ते दाखवले. "खाणं सोडलं, श्वास लागला, तर मला फोन करा. तेव्हा तिला सोसत ठेवू नका. झोपेचं एक इंजेक्शन असतं."

परतताना जागृती गाडीत रडत होती. मंचरजवळ कल्पेशने गाडी थांबवली आणि दह्याचा कप आणून माझ्यापुढे धरला. मी सगळे दही खाल्ले.

घरी इंजेक्शनचे ऐकून पानबाई उठून आत गेल्या. जीव घेणे त्यांच्या धर्मात बसत नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाल्या, "ते मला इचारू नको. माझ्याच्यानं हो म्हणवणार न्हाई. पण तशी वेळ आलीच, तर तेव्हा ती माझ्या मांडीवर असू दे."

या गोष्टीला आता पाच महिने होत आले. माझे अंथरूण पुन्हा दुकानात, गल्ल्याशेजारी आले आहे. गाठ वाढली आहे. मला पोत्यावर चढता येत नाही. काही दिवस दुखते, काही दिवस नुसते ऊन असते. अजून किती दिवस आहेत, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल, कुत्रा असेल, तर त्याच्या अंगावरून रोज हात फिरवा. नुसता लाडाने नको, बोटांनी चाचपून बघत फिरवा. हरभऱ्याएवढे काही लागले, तर ते हरभऱ्याएवढे असतानाच डॉक्टरांना दाखवा. आणि उशीर झालाच, तर ठरवताना तुमच्या मनाला काय टोचते आहे ते बाजूला ठेवून आमच्याकडे बघा. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्ही पुढे येतो किंवा मागे सरकतो.

जागृती औषध घेऊन आली आहे. औषध फार कडू आहे. तिने हात पुढे केला आहे, आणि मी तोंड उघडते आहे.