आत्याच्या रक्तातला गंज

हॉल गच्च भरला होता. पडद्यावर आमच्या आत्याचं रक्त झळकत होतं. 'आधी'च्या आलेखात एक उंच सुळका, 'नंतर'च्या आलेखात तो गायब. लोकांनी टाळ्या पिटल्या. आत्याने डोळे पुसले.

"शरीरातल्या प्रथिनांना प्राणवायू चिकटतो. हा गंज! माझं मंतरलेलं पाणी तो उतरवतं. मी नाही म्हणत, यंत्र म्हणतं," गंजबाबा म्हणाले. त्यांनी पांढरा कोट शिवून घेतला होता, पदवी तेवढी शिवायची राहिली होती.

यंत्र खरं होतं, प्रयोगशाळाही खरी होती, हीच पंचाईत. आत्याने हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. "गंजच गेला, आता गोळ्या कशाला?" जिना चढताना तिला धाप लागे, तर तीही म्हणे गंज बाहेर पडल्याची खूण. मला तर रडावं की डोकं आपटावं ते कळेना.

शेवटी मी वहिनीला बाबांच्या सभेला घेऊन गेलो. ती तसलंच यंत्र चालवते. तिने पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती खिडकीशी गेली. तिथे उन्हात, उघड्या तोंडाच्या 'आधी'च्या नळ्या मांडल्या होत्या. 'नंतर'च्या नळ्या बर्फाच्या पेटीत, बूच लावून.

"या उन्हात का?" तिने बाबांना विचारलं.

"सूर्याच्या साक्षीने, ताई."

"आणि त्या बर्फात?"

"शुद्ध झालेलं रक्त जपावं लागतं."

"मग आज तुमचंच रक्त घेऊ. एका सुईतून दोन नळ्या. एक खिडकीत, एक बर्फात. पाणी कोणीच प्यायचं नाही."

एवढ्या भक्तांसमोर बाबा नाही कसे म्हणणार? संध्याकाळी वहिनीने स्वतः दोन्ही नळ्या बाबांच्याच नेहमीच्या प्रयोगशाळेत पोचवल्या.

पुढच्या सभेत आलेख लागले. खिडकीतल्या नळीत उंच सुळका, बर्फातल्या नळीत काही नाही. बाबा एकाच वेळी गंजलेलेही होते आणि चकचकीतही.

"यंत्र फक्त वजन करतं," वहिनी म्हणाली. "प्राणवायू चिकटला की प्रथिनाचा तुकडा जड भरतो, तोच हा सुळका. तो अंगात चिकटला की नळीत, हे यंत्राला कळत नाही. हा गंज या खिडकीत चढतो."

बाबांना अचानक तातडीचं काम आठवलं.

"म्हणजे माझं रक्त उन्हात वाळत घातलं होतं?" आत्या एवढंच बोलली. घरी येऊन तिने मुकाट्याने गोळी घेतली.

गोळ्या बंद होत्या तेवढ्यात हृदयाचं जे बिघडलं, ते पूर्ण भरून येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा कोणी आलेख नाचवला, तर हात जोडण्याआधी विचारा, नमुना कुठे ठेवला होता? आम्ही विचारलं, पण उशिरा. आत्या आता जिन्यात दोनदा बसते.