माझी पँट आणि चौकडेराव

मी धारीचा कोट बोलतोय. नुसता कोट म्हणू नका, अर्धा सूट म्हणा. माझा दुसरा अर्धा भाग माझ्यासमोर, चार पावलांवर, दुसऱ्याच्या खाली उभा आहे आणि लोक त्याचं कौतुक करताहेत. ते बघत बघत मला तुमच्याशी बोलायचंय, म्हणून आवाज थोडा चिडका लागला तर समजून घ्या.

माझा जन्म दोन भावांच्या शिंपीकामाच्या दुकानात झाला. थोरल्याला गिऱ्हाईक मोठे मास्टर म्हणतं आणि धाकट्याला छोटे मास्टर. दोघांच्या वयात बरंच अंतर, पण अंगाचं माप मात्र अगदी एक. छाती, कंबर, पायाची लांबी, सगळं सारखं. एकाचा शर्ट दुसऱ्यानं घातला तर वहिनींनाही कळायचं नाही. वहिनी म्हणजे मोठ्या मास्टरांची बायको. काज करणं, बटणं लावणं आणि दोघा भावांना वेळेवर जेवायला बसवणं ही कामं त्यांची.

मोठ्या मास्टरांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे सूट शिवले आणि स्वतः मात्र कोपरावर विरलेला शर्ट घालून फिरले. एकदा काळपट राखाडी लोकरीचं एक कापड आलं. त्यावर बारीक पांढरी धार होती. मास्टरांनी ते बोटांत धरलं आणि कुणालाच दिलं नाही. "हे माझं," एवढंच म्हणाले. वहिनी हातातलं काज अर्धं सोडून बघत राहिल्या होत्या.

मग त्यांनी एकाच बैठकीत आम्हा दोघांना कापलं, मला आणि माझ्या पँटला. खिशावरची धार अंगावरच्या धारेशी अशी जुळवली की खिसा शोधावा लागावा. कच्च्या टाक्यांनी आधी सगळं उभं केलं, अंगावर घालून पाहिलं, उसवलं, पुन्हा जोडलं. आत भरपूर कापड दुमडून ठेवलं. उद्या पोट सुटलं तर सोय असावी, हा विचार. पँट माझ्याच हँगरच्या दांडीवर, माझ्या पोटाखाली, घडी घालून असायची. आमचं लग्न कात्रीनं लावलं होतं असं म्हणा हवं तर. मला ती माझीच वाटायची, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मोठ्या मास्टरांचा नियम साधा होता. एका अंगावर एकच नक्षी. कोट धारीचा तर शर्ट साधा, टाय साधा, मोजेसुद्धा साधे. छोटे मास्टर या नियमाला हसायचे. ते धारीच्या शर्टावर ठिपक्यांचा टाय लावायचे, वर चौकड्याचा कोट चढवायचे, आणि वाईट हे की ते दिसायचंही चांगलं.

"दादा, सोपं आहे रे," ते सांगायचे. "दोन नक्षी एका मापाच्या असल्या की भांडतात. एक मोठी घ्यायची, एक बारीक घ्यायची आणि एखादा रंग दोघांत सामाईक ठेवायचा. झालं."

"सर्कशीत नोकरी धर," मोठे मास्टर मान वर न करता म्हणायचे.

याच छोट्या मास्टरांनी स्वतःसाठी एक सूट शिवला. तपकिरी, मोठ्या चौकड्यांचा, त्यातून एक राखाडी रेघ गेलेली. त्याच्या कोटाला मी चौकडेराव म्हणतो. अंगानं रुंद, बटणं मोठी, आणि हँगरवर असतानाही कुणीतरी फोटो काढतोय असा आव. पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत खुपला.

एके दिवशी मोठे मास्टर अस्तराचं कापड आणायला बाजारात गेले होते. छोट्या मास्टरांनी शोकेसमधल्या पुतळ्याला चौकड्याचा पूर्ण सूट चढवला, रस्त्यावर जाऊन लांबून पाहिलं आणि तोंड वाकडं करत परत आले.

"वहिनी, चौकड्याखाली चौकड्याचीच पँट घातली तर पुतळा पलंगपोस पांघरून उभा राहिल्यासारखा दिसतोय. दादाची धारीची पँट देता का जरा? बघतो आणि ठेवतो."

वहिनींनी माझ्या पोटाखालून माझी पँट ओढून त्यांच्या हातात दिली. इतक्या सहज, की मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. वर हँगरची दांडी रिकामी राहू नये म्हणून चौकडेरावांची पँट आणून माझ्या दांडीवर टाकली. माझ्याच पोटाखाली! अंगाचा कसा तिळपापड झाला ते काय सांगू.

'बघतो आणि ठेवतो' म्हणणाऱ्यांनी ठेवली मात्र कधीच नाही, कारण त्याच संध्याकाळी एक तरुण काचेला नाक लावून उभा राहिला आणि आत येऊन म्हणाला, "हे जे बाहेर आहे ना, अस्संच मला शिवा." मग त्याचा मित्र आला. मग मित्राचा साहेब आला. दुकानात बसायला जागा पुरेना.

मोठे मास्टर परतले तेव्हा त्यांनी काचेतून आपली पँट पाहिली. चिडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी नुसतं अस्तराचं गाठोडं ठेवलं आणि मशीनवर बसले. पँट परत मागायची म्हणजे ती गेल्याचं दुःख झालं हे कबूल करायचं, आणि तेवढं नमतं घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मी मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाजवळ टांगलेला होतो. मधल्या पडद्याच्या फटीतून मला शोकेसमधल्या पुतळ्याची पाठ दिसायची. वर चौकडेरावांची रुंद पाठ आणि खाली माझ्या पँटचे दोन पाय. ती कशी दिसते ते रस्त्यावरच्या प्रत्येक उपटसुंभाला पुढून दिसत होतं आणि मला मागून. मी जळत होतो. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. चौकडेरावांचं एखादं बटण तुटून पडावं, कसर लागावी, उन्हानं रंग उडावा, असं मी रोज मनात घोकायचो. माझ्या दांडीवरची ती चौकड्याची पँट कधी हुं की चूं करायची नाही. तिच्याशी मी एक शब्द बोललो नाही. शत्रूच्या घरची ती.

कधी कधी दुपारी मोठे मास्टर मागे यायचे आणि मला अंगावर चढवायचे. खाली रोजची मळकी पँटच असायची. आरशात बघायचे. तेव्हा मी त्यांच्या छातीशी असायचो, म्हणून मला आतलं कळायचं. बाहेरून कुणी गिऱ्हाईक "छोटे मास्टर आहेत का?" असं विचारायचं आणि त्यांच्या छातीत काहीतरी आवळल्यासारखं व्हायचं. अगदी माझ्यासारखंच. त्या काळात आम्हाला एकमेकांचाच आधार होता.

मग शहरातल्या शिंप्यांच्या संघाचे अध्यक्ष आले. वार्षिक मेळाव्यात या दुकानाचा सत्कार करायचं ठरलं होतं. मोठ्या मास्टरांनी चष्मा पुसून त्यांना खुर्ची दिली. अध्यक्षांनी शोकेसकडे बोट दाखवलं. "हे ज्यांच्या डोक्यातून आलं, त्यांना व्यासपीठावर आणा."

छोटे मास्टर गडबडले. "दादाच येईल. शिलाईत आमच्यात मोठा तोच. ती पँट त्यानंच शिवलीय."

अध्यक्ष चहा पिऊन गेले, आणि आजवर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं.

"तुझ्या कोटाखाली माझी पँट लावायची आणि वर मला मोठेपणाही द्यायचा?" मोठे मास्टर म्हणाले. "मला नको तुझं उष्टं. मेळाव्याला मी येणार, पण माझ्या सुटात. पुरत्या सुटात! आणि तो झाला की दुकान वाटून घेऊ. मधे भिंत घालू. तुझे चौकडे तिकडं, माझ्या धारी इकडं."

"दादा, अरे काय बोलतोयस?"

"बोललो ते बोललो."

वहिनींच्या हातातली सुई थांबली. छोट्या मास्टरांचा चेहरा उतरला. मला मात्र उकळ्या फुटत होत्या. भिंत झाली तर माझी पँट कायमची माझ्या बाजूला! दुकान मोडेल, दोन भाऊ तुटतील, हे मला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर मला भावांचं काय पडलं होतं? मला माझा सूट पुरा हवा होता.

मोठ्या मास्टरांनी पुतळ्याची पँट स्वतःच्या हातानं उतरवली आणि इस्त्रीच्या टेबलावर पसरली. माझ्या अगदी जवळ. किती दिवसांनी मी तिला पुढून पाहत होतो! मास्टर पुटपुटत होते, दुकानभर ऐकू जाईल एवढ्या जोरात. इस्त्री तापलेली होती. लोकरीवर आधी ओलं फडकं टाकायचं आणि मगच इस्त्री ठेवायची, हे त्यांनी अख्ख्या शहराला शिकवलं असेल. आणि त्या दुपारी त्यांनीच फडकं न टाकता इस्त्री ठेवली. ठेवली आणि छोट्या मास्टरांना आणखी एक सुनवायला मान वळवली.

जळक्या लोकरीचा वास आला.

डाव्या पायावर, गुडघ्याखाली, इस्त्रीच्या टोकानं बोटभर जागा करपली होती. खालची पांढरी धारही गेली होती.

पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? बरं झालं, आता चौकडेरावांनाही मिळणार नाही. एवढा मी जळलेला होतो. मग मोठे मास्टर स्टुलावर मटकन बसले, पँटचा तो पाय मांडीवर घेऊन, आणि तेव्हा मला कळलं की आता ती कुणाचीच राहिली नाही.

असलं कापड दुसरीकडे मिळणं शक्य नव्हतं. ते विणणारी गिरणीच बंद पडली होती. शेवटी वहिनी उठल्या, मला हँगरवरून काढलं आणि माझं अस्तर खालून उसवलं.

"कापड नाही काय म्हणता? ह्याच्या पोटात ढीगभर आहे की. धागे काढा आणि रफू करा. तुमच्याइतका बारीक रफू कुणाला येतो?"

"सुईत दोरा ओवायला मला आता दिसत नाही," मोठे मास्टर म्हणाले.

"त्याला दिसतं," वहिनी म्हणाल्या आणि धाकट्या दिराला खांदा धरून टेबलाशी बसवलं.

दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. छोटे मास्टर माझ्या आतल्या दुमडीतून एकेक धागा काढायचे, सुईत ओवायचे आणि पुढं करायचे. मोठे मास्टर तो माझ्या पँटमध्ये विणायचे, एक वरून, एक खालून. मला दुखलं का? दुखलं. पण माझ्यातून निघालेला प्रत्येक धागा तिच्यात शिरत होता, आणि मी श्वास रोखून बघत होतो.

"राखाडी की पांढरा?"

"पांढरा. लांब काढ. तुटका नको."

थोड्या वेळानं छोटे मास्टर म्हणाले, "दादा, लोकरीवर फडक्याशिवाय इस्त्री? तू?"

"इस्त्रीखाली मला तुझं तोंड दिसत होतं."

वहिनी आधी हसल्या. मग छोटे मास्टर. मोठे मास्टर हसले नाहीत. सुई थांबवून म्हणाले, "लोक तुझं नाव घेतात रे. मला सहन होत नाही. सांगून टाकलं एकदाचं."

छोट्या मास्टरांनी पुढचा धागा काढला आणि हातातच धरून ठेवला. "आणि मला काय वाटत आलं सांगू? तुझ्यासारखी शिलाई मला जन्मात जमायची नाही. म्हणून तर मी रंगांत आणि नक्षीत शिरलो. तिथं तू नव्हतास."

"दोघं एका मापाचे ना, म्हणून ही भांडणं," वहिनी म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

रफू झाला. मोठ्या मास्टरांनी मला पुतळ्यावर चढवलं आणि खाली माझी पँट. माझा सूट पुरा झाला होता! पण मास्टर मागे सरून बघत राहिले आणि मान हलवू लागले. "नाही. सगळीकडे एकच धार आहे, म्हणून नजर सरळ खाली घसरते आणि रफूवर जाऊन अडकते. तिथं धार किंचित जाड झालीय." मग मला उतरवून त्यांनी चौकडेरावांना चढवलं, स्वतःच्या हातानं. पुन्हा मागे सरले. नजर त्या मोठ्या चौकड्यांतच गुंतून राहत होती, आणि खालचा रफू दिसत नव्हता.

"छोट्या," ते म्हणाले, "हे तू घाल. इथं तुझंच बरोबर आहे."

"आणि तू?"

मोठ्या मास्टरांनी माझ्या दांडीवरची चौकड्याची पँट काढली, माझ्याखाली धरून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सर्कस तर सर्कस," म्हणाले.

अशा रीतीनं मेळाव्याच्या व्यासपीठावर दोन भाऊ एका मापाचे, उलटसुलट कपडे घालून शेजारी शेजारी उभे राहिले. टाळ्या फार वाजल्या. मोठ्या मास्टरांची छाती माझ्या आत इतकी मोकळी कधीच नव्हती. मी मात्र टाळ्या ऐकत नव्हतो. मी तिरक्या नजरेनं चौकडेरावांच्या खाली बघत होतो.

भिंत घातली गेली नाही. त्याऐवजी दुसरा पुतळा आला. आता आम्ही शोकेसमध्ये समोरासमोर असतो. माझ्याखाली चौकड्याची पँट असते. तिच्याशी मी हल्ली बोलतो. तिलाही तिचा कोट समोर दुसरीबरोबर दिसत असतो, त्यामुळं बोलायला विषय पुष्कळ आहेत.

माझा जळफळाट गेलेला नाही, आणि तो गेला असं मी म्हणणारही नाही. कधी या दुकानावरून गेलात तर काचेशी थांबा. चौकडेरावांची वाहवा करायची असेल तर खुशाल करा. पण मग जरा वाकून त्या पँटच्या डाव्या पायाकडे बघा, गुडघ्याच्या खाली. बोटभर जागेत धार थोडी जाड दिसेल. तिथं मी आहे. चौकडेरावांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.