वरण आलं वरळीहून

आईचा जीव मुलात असतो म्हणतात. गार्गीचा तर गेला आठवडाभर मिहिरच्या तोंडातच अडकून बसला होता.

दहा महिन्यांचं एवढंसं ते तोंड. गार्गी समोर मांडी घालून बसली आणि तिने वरणाचं गाणं म्हटलं की उघडायचं. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की दुकानाच्या शटरसारखं धाडकन बंद. तिच्या नवऱ्याने, यज्ञेशने चमच्याचं विमान करून पाहिलं, शटर. सासूबाईंनी चिऊ, काऊ, मोर, होते नव्हते ते सगळे पक्षी बोलावले, तरी शटर. आणि येत्या सोमवारी गार्गीची रजा संपत होती. सोमवारी ती मालाडच्या ऑफिसात बसणार, मिहिर इथे मुलुंडला द्रौपदीमावशींच्या पाळणाघरात बसणार, आणि संध्याकाळपर्यंत पोराच्या पोटात काही गेलंच नाही तर? डॉक्टर म्हणाले, "भूक लागली की खाईल." डॉक्टरांना काय जातंय म्हणायला.

पाळणाघर त्यांच्याच सोसायटीत, बी विंगच्या पहिल्या मजल्यावर होतं. सोमवारच्या आधी सवय व्हावी म्हणून मावशींनी मिहिरला रोज दुपारी जेवायला तिथे आणायला सांगितलं होतं. अट एकच. जेवण होईपर्यंत आईने आत थांबायचं नाही. "आई दिसली की पोरं नाटकं करतात, आणि पोर दिसलं की आया," असं म्हणून मावशींनी दार लावून घेतलं होतं. सोमवारी शटर, मंगळवारी शटर. आज बुधवार. शेवटचा उपाय म्हणून गार्गीने घरी मिहिरला भरवताना स्वतःचं गाणं फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ते मावशींच्या फोनवर पाठवायचं, आत ते वाजणार आणि मिहिर जेवणार. जिन्याच्या पायरीवर बसून तिने ते पाठवून दिलं.

आणि लगेच दुसरं काम. बुधवार म्हणजे 'कानात वारं'चा वार.

'कानात वारं' हा व्हॉट्सॲपवरचा गाणंवेड्यांचा ग्रुप. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, आवाज ऐकलेला नव्हता, बोलणं फक्त लिहून. बोरिवलीचे निवृत्त श्यामकांतकाका दिवसाचे आठ तास नाट्यसंगीत ऐकायचे आणि उरलेला वेळ इतरांना ते का कळत नाही याबद्दल हळहळायचे. घाटकोपरचा भीमराज कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि शनिवार-रविवार गायन पार्टीत ढोलकीवर. साकीनाक्याची सपना प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघायची आणि कानात हेवी मेटल लावायची. आणखी पाचपन्नास जण होते, पण किल्ला हेच तिघं लढवायचे.

त्यांचा बुधवारचा खेळ असा: एकाने गाण्याचा तुकडा टाकायचा, नावगाव सगळं पुसून. बाकीच्यांनी गायक कोण, राग कुठला, काळ कुठला, ते ओळखायचं. आणि सगळ्यांचे अंदाज येईपर्यंत टाकणाऱ्याने एक अक्षर बोलायचं नाही. आज पाळी गार्गीची होती. तिने एका संग्राहकाकडून कुठल्याशा विसरलेल्या बाईंची खरखरणारी ठुमरी मिळवली होती. ग्रुपमध्ये तिने आपल्याला मूल आहे हे कधी सांगितलंच नव्हतं. तिथे ती 'चोखंदळ गार्गी' होती. दिवसातली तेवढीच एक जागा, जिथे तिला कुणी शी-शूबद्दल विचारत नव्हतं.

तिने तुकडा टाकला आणि कान दाराकडे लावून बसली.

फोन थरथरला.

श्यामकांतकाका: हे काय टाकलंस गार्गी! अंगावर काटा आला.

गार्गी सुखावली.

भीमराज: ठेका ऐका रे. वाटी की टाळ आहे माहीत नाही, पण काय हात आहे! मुद्दाम किंचित मागे वाजवतोय. झकास!

वाटी? गार्गीच्या कपाळाला आठी पडली. ठुमरीत वाटी कुठली?

सपना: मला शब्दांनी मारलं यार. 'वरण आलं वरळीहून, भात आला भांडुपहून'. म्हणजे तेव्हा भांडुपला भातशेती असणार. हे इथलंच जुनं लोकगीत आहे, शंभर टक्के.

गार्गीने चॅट वर सरकवून आपण काय पाठवलंय ते पाहिलं. नावगाव पुसायची ग्रुपची शिस्त तिने इतकी चोख पाळली होती, की फोनमध्ये ठुमरीला नाव उरलं नव्हतं, आणि तिच्या स्वतःच्या गाण्याला ते कधी नव्हतंच. दोन बिननावाची रेकॉर्डिंग शेजारी शेजारी, आणि तिने याचं तिकडे, त्याचं इकडे केलं होतं! पुसून टाकावं म्हटलं तर तोवर ग्रुपमध्ये सगळ्यांनी ते उतरवून घेतलं होतं.

श्यामकांतकाका: शब्दांवर जाऊ नका. वरण म्हणजे देह, भात म्हणजे संसार, आणि 'तूप आलं घसरत घसरत' म्हणजे काय ते सुज्ञांस सांगणे न लगे.

भीमराज: काका, तूप म्हणजे तूपच असेल हो.

श्यामकांतकाका: तू गप रे. मागे कुठलं तरी सुषिर वाद्य आहे, फुंकून वाजवायचं, लक्षात आलं का? एकच स्वर, मध्येच उठतो आणि विरतो. असा धाडसी स्वर मी आयुष्यात ऐकला नाही.

तो कुकर होता. तिसरी शिट्टी.

सपना: आणि शेवटचा तो पॉज! 'लिंबू आलं लोळत लोळत, आणि झालं...' मग थांबतेच बाई. थांबते, थांबते, आपला श्वास अडकतो, आणि मग 'गुडुप'. कसला डेंजर पॉज आहे!

भीमराज: प्रत्येक वेळी वेगळा. मोजून पाहिला मी. हिशेबात बसतच नाही.

श्यामकांतकाका: म्हणूनच म्हणतो, ही कुणी साधीसुधी बाई नाही. समेला वाट पाहायला लावते. फार मोठ्या तालमीशिवाय हे येत नाही.

गार्गी पायरीवर बसल्या बसल्या लाल झाली. गप्प बसलं तर? 'अज्ञात गायिका' म्हणून सोडून दिलं तर? तिला फस्सकन हसू फुटलं, आणि त्याच क्षणी आतून मिहिरने भोकाड पसरलं. एकट्याने नाही, त्याच्या पाठोपाठ अख्ख्या पाळणाघराने.

दार उघडलं. द्रौपदीमावशी एका हातात वाटी, दुसऱ्या हातात फोन घेऊन उभ्या. फोनमधून बाई आर्त आवाजात दाद मागत होत्या.

"काय गं हे? कोण मेलंय?"

"मावशी, सॉरी, ती ठुमरी आहे."

"असेल. माझी सगळी पोरं रडायला लागली. ती कोपऱ्यातली झोपली होती ती पण उठली. तुझं वरणाचं गाणं पाठवणार होतीस ना?"

"ते दुसरीकडे गेलं. आता पाठवते, आत्ता."

तिने पाठवलं. आत मिहिरने आईचा आवाज ऐकला, रडणं थांबवलं, फोन हातात घेऊन मागून पुढून पाहिला, आई त्यात नाही अशी खात्री करून घेतली आणि पहिल्याहून मोठ्याने सुरुवात केली. चमचा वाजला. शटर. हे सगळं मावशींनी दारातूनच सांगितलं आणि दार लावून घेतलं.

आता मात्र गार्गीचा बांध फुटला. सोमवारचं चित्र डोळ्यांपुढे आलं. मालाडच्या ऑफिसात मीटिंग चालू आहे आणि इथे पोर उपाशी. तिने खेळाचा नियम मोडला आणि भराभरा लिहून टाकलं: 'ती गायिका मी आहे. ते वाद्य कुकर आहे. ती वाटी वाटीच आहे. मला दहा महिन्यांचा मुलगा आहे, माझ्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही, सोमवारपासून ऑफिस आहे, आणि तो पॉज म्हणजे त्याने तोंड उघडायची वाट बघणं आहे. काय हसायचं ते हसा.'

सपना: म्हणजे काकांचा धाडसी स्वर कुकरचा??

भीमराज: काका, भात झाला का बघा.

श्यामकांतकाका: हसा हसा. मी म्हटलं ते खरंच आहे. तालीम होतीच, दहा महिन्यांची.

पुढे एवढे हसरे चेहरे आले की फोन गरम झाला. गार्गी रडता रडता हसत होती. वॉचमन दत्ताराम जिना चढताना थबकला, तिच्याकडे पाहून "काय झालं ताई?" म्हणाला, आणि आल्या पावली खाली गेला.

श्यामकांतकाका: गार्गी, एक विचारू? पोराला रेकॉर्डिंग लावलंस?

गार्गी: हो. खाल्लं नाही.

श्यामकांतकाका: खाणार कसं? रेकॉर्डिंगमधला पॉज कालच्या घासाचा आहे. आज तो तोंड उघडो न उघडो, गाणं आपलं 'गुडुप' करून मोकळं. तुझं पोर तालाला पक्कं आहे. त्याच्यासाठी थांबणारा माणूस हवा.

भीमराज: मग आपण थांबू ना! फोन लाव. सगळ्यांना.

सपना: ए, आपण कॉल करत नाही हां. नियम आहे.

भीमराज: नियम गेला खड्ड्यात. पोरगं उपाशी आहे.

गार्गीने तिघांना एकत्र फोन लावला आणि दार ठोठावलं. मावशींच्या हातात आपला फोन दिला आणि कसंबसं समजावलं, की यात तीन माणसं आहेत, ती गाणं म्हणतील, मिहिरने तोंड उघडलं की तुम्ही फक्त 'उघडलं' म्हणायचं. मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेतच तिच्या प्रकृतीची चौकशी होती. पण फोन घेतला. दार बंद. गार्गीने दाराला कान लावला.

आत फोनचा स्पीकर खरखरला. सगळ्यात आधी काका. इतकी वर्षं नुसतं वाचलेल्या माणसाचा आवाज चिमणीएवढा बारीक निघाला! 'वरण आलं'वर त्यांनी अशी तान घेतली, की वरण वरळीहून निघून पार पालघरला पोहोचलं. मागून भीमराजने टेबलावर ठेका धरला. आणि त्याच्याही मागून सपनाच्या कारखान्यातलं मशीन धाडधाड चाललं होतं.

"काका, आवरा! भात थंड होतोय," सपना ओरडली.

"अगं, आलापी तर पुरी होऊ दे."

"लिंबू घ्या, लिंबू!"

"लिंबू आलं लोळत लोळत," तिघं एकदम गायले, तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत, "आणि झालं..."

शांतता. मशीनसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. गार्गीने डोळे मिटून घेतले.

मिहिर खिदळला. आधी एकदा, मग पुन्हा. हसायला तोंड उघडावं लागतं.

"उघडलं!" मावशी किंचाळल्या.

"गुडुप!!" बोरिवली, घाटकोपर आणि साकीनाका एका सुरात नव्हे, पण एका दमात ओरडले.

गार्गीने स्वतःचं तोंड दाबून धरलं. दुसरा घास भीमराजने घातला, तिसरा सपनाने. चौथ्याला काका पुन्हा तानेत शिरले तशा मावशी वैतागल्या.

"ओ बोरिवली, थांबा जरा. तुमचं होईस्तोवर पोराचं लग्न होईल. मला कळलं कसं करायचं ते."

आणि द्रौपदीमावशी स्वतः गायला लागल्या. त्या गाण्यात सूर कुठेच नव्हता, अगदी शोधूनही. वरळीचं त्यांनी ठाणं केलं, लिंबाच्या जागी लोणचं घातलं. पण 'आणि झालं' म्हणून त्या थांबल्या. आई थांबायची तशा. मिहिरच्या तोंडाकडे बघत, कितीही वेळ लागो.

"गुडुप!"

स्पीकरवर काका कळवळले, "अहो बाई, सूर तरी..."

"काका, चूप!" सपना आणि भीमराज एकदम म्हणाले. "जेवतोय तो."

जेवत होता. दाराबाहेर गार्गीला चमच्याचा आवाज स्पष्ट येत होता. तिच्या गाण्यावर, दुसऱ्याच्या आवाजात, दुसऱ्याच्या हातून. छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरता उतरता बारीकसा ओरखडा काढून गेला. इतक्यात झालं? आत जावं, मावशींना निदान चाल तरी नीट सांगावी, असं तिला फार वाटलं. हात कडीपर्यंत गेलासुद्धा. मग तिने तो मागे घेतला आणि ती खाली पायरीवर बसली. आत आता बाकीची पोरंही 'गुडुप' ओरडत होती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मावशींनी आधी रिकामी वाटी दाखवली, मग फोन दिला. फोनवर अजून तिघं होतेच. "संपलं का?" "सगळं?" "लिंबासकट?"

"अजून मागत होता," मावशी म्हणाल्या. "घरी पोटाला देतेस की नाही? आणि सोमवारी डबा मोठा आण."

"सगळं संपवलं!" गार्गीने फोनमध्ये सांगितलं, आणि पलीकडे असा जल्लोष उठला, की सपनाला कारखान्यातल्या कुणीतरी हटकलेलं ऐकू आलं.

गार्गी आनंदाने मावशींकडे वळली. मग तिचा चेहरा हळूच बदलला.

"मावशी, एकदम एवढं खाल्लंय. पोटात नाही ना दुखणार?"

मावशींनी दार लावून घेतलं.