निज षष्ठीचा पेपर

बदरीनाथांना कुणी तिथी विचारली आणि त्यांनी पंचांग उघडलं, असं कधी झालं नाही. भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या ते एकादशी सांगत, प्रदोष सांगत, कुणाच्या चुलत्याचं श्राद्ध कधी येतं तेही सांगत. कुंभकोणमात मराठी बोलणारी घरं आता थोडकी. त्यांना पंचांग परवडत नव्हतं असं नाही, पण बदरीनाथ फुकट होते. ह्याचा त्यांना भारी अभिमान, आणि असला अभिमान आधी घरच्यांच्याच मुळावर येतो.

घरचं माणूस एकच होतं, बारावीतली मुलगी रक्षा. चेन्नईच्या एका कॉलेजानं शाळकरी मुलांसाठी एक सोय काढली होती. शाळा चालू असतानाच घरी बसून कॉलेजचे चार विषय शिकायचे आणि परीक्षा तंजावरच्या केंद्रावर जाऊन द्यायची. मिळालेली क्रेडिट्स पदवीत धरली जात. चारही विषय वर्षाच्या आत सुटले तर बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. रक्षाचे तीन सुटले होते. राहिला होता संख्याशास्त्राचा पेपर. त्याला दोन तारखा होत्या, जूनमधला एक शनिवार आणि जुलैमधला एक रविवार. त्यातली एक निवडायची, मग बदल नाही. जुलैतच तिची वर्षाची मुदतही संपत होती.

एप्रिलमध्ये ती दुकानात आली आणि तिनं विचारलं, "अप्पा, दोहोंतली कोणती घेऊं?"

बदरीनाथांनी मान वळवून भिंतीवरच्या रोज फाडायच्या तमिळ कॅलेंडरकडे पाहिलं आणि जूनची पानं चाळली. "शनिवारीं षष्ठी. आईचा दिवस. तूं रविवार घे."

रक्षाची आई नंदिता जाऊन तीन वर्षं झाली होती. तिथी ज्येष्ठ वद्य षष्ठी. बापाला तिथी पाठ आणि मुलीला बाप खात्रीचा, तेव्हा रक्षानं तिथंच फोनवर रविवार निवडून टाकला.

यंदा ज्येष्ठ दोन आहेत, आधी अधिक आणि मग निज, हे बदरीनाथांच्या लक्षातच आलं नाही. तमिळ महिने सूर्यावर चालतात, त्यांना अधिक महिन्याशी काही देणंघेणं नाही. दिवसभर त्याच कॅलेंडरखाली बसणाऱ्या माणसानं घरी जाऊन आपलं पंचांग निदान एकदा उघडायचं होतं. ते घरचे भटजी शेषाद्री आचार यांनी दिल्यापासून पिशवीतून बाहेरही निघालं नव्हतं.

जूनमधल्या त्या शनिवारी रक्षा पहाटे डोक्यावरून न्हाली आणि सोवळ्यात स्वयंपाकाला लागली. कच्ची केळी, कारलं, उडदाचे वडे, पायस, सगळं आईच्या हातासारखं. स्वयंपाक होत आला, पण शेषाद्री आचारांचा पत्ता नव्हता. बदरीनाथांनी त्यांना तारीख सांगितलीच नव्हती. मोठ्या रुबाबात 'ज्येष्ठ वद्य षष्ठीला यावें' एवढाच निरोप ठेवला होता. आता फोन लावला, तर पलीकडून आचार हसले.

"बदरी, हा अधिक म्हणून तुज ठाऊक नव्हे? आपणांत श्राद्ध निजांत. पुढल्या महिन्यांत येते षष्ठी, रविवारीं. मी येतों की!"

रक्षा दारात उभी राहून ऐकत होती. "कोणता रविवार, अप्पा?" तिनं विचारलं. त्यांनी सांगितला. तोच तिच्या पेपरचा. तिनं गॅस बंद केला. तंजावरला त्या वेळी पहिल्या तारखेची मुलं पेपर लिहीत होती.

दुपारी दोघांनी श्राद्धाचा स्वयंपाक साधं जेवण म्हणून जेवून टाकला. वडे फार चांगले झाले होते, पण तसं कुणीच म्हणालं नाही.

अजून महिना हातात होता, आणि त्या महिन्याचीच पुढे बदरीनाथांना सगळ्यात जास्त लाज वाटली. कारण वाट होती. स्वामीमलैचा जानकीराम सोवळ्यानं श्राद्धाचा स्वयंपाक करून देई. त्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये होता. त्याला बोलवायचं आणि पोरीला सकाळच्या बसनं तंजावरला धाडायचं, एवढंच होतं. पण स्वयंपाकी आला की इन्नंबूरची बहीण विजयलक्ष्मी विचारणार, पोरगी कुठं गेली? मग परीक्षेची गोष्ट निघणार, तारखेची निघणार, आणि तिथी सांगणाऱ्या बदरीनाथाला स्वतःच्या बायकोचीच तिथी कळली नाही, हे गावभर होणार.

म्हणून ते स्वतःला सांगत राहिले की रक्षाची इच्छा असेल तर ती विचारेलच. विचारलं की लगेच होकार द्यायचा. होकार त्यांनी अगदी तयार ठेवला होता. ती पुस्तक घेऊन बसलेली दिसली की ते मुद्दाम समोर जाऊन बसत, चष्मा पुसत, खाकरत. ती वर बघे, जरा थांबे आणि पुन्हा खाली बघे. पोरगीही बापावरच गेलेली, असं म्हणून ते उठत. दिवस काही कुणासाठी थांबत नाहीत.

रविवारी रक्षानं पुन्हा सगळा स्वयंपाक केला. आचार वेळेवर आले. विजयलक्ष्मीनं भाचीच्या पाठीवरून हात फिरवला, "आईचं ऋण फेडिलंस हो," म्हणाली. पिंड ठेवताना आचारांनी नंदितेचं स्मरण करायला सांगितलं. बदरीनाथांनी डोळे मिटले, तर त्यांना तंजावरची एक रिकामी खुर्चीच दिसत राहिली. बायकोच्या श्राद्धाला बायको आठवली नाही, ह्याचं त्यांना रडू आलं. आचारांना वाटलं, काय प्रेम आहे!

सगळे गेल्यावर रक्षा पान घेऊन बसली. बदरीनाथ तिच्यासमोर येऊन बसले.

"तूं एक शब्द बोलली असतीस तर मी पाठविलं असतं," ते म्हणाले. हे बोलताना त्यांना जरा हलकंही वाटलं.

"मज ठाऊक, अप्पा."

"मग कां बोलली नाहींस?"

तिनं भातात सार कालवलं. आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"आईचा दिवस, अप्पा. मी जाऊं म्हणून कसं विचारूं? तुम्ही 'जा' म्हणून सांगाल, म्हणून काल सांजपर्यंत वाट पाहिली."

ती जेवू लागली. 'जा', एवढंच म्हणायचं होतं. महिनाभर ते त्यांच्या ओठांवर होतं, आणि आता ते म्हणायला एकही तारीख उरली नव्हती.