कर्नलच्या ताटातलं मीठ

नाथाजींच्या पिंडाला कावळा इतक्या झटक्यात शिवला की भावकीला जरा वाईटच वाटलं. दहावा म्हणजे कसा, तासभर तरी उन्हात ताटकळावं, "काय राहिलंय रं गड्याच्या मनात?" म्हणून एकमेकांकडं बघावं, पोरांनी हात जोडून दोन-चार शब्द द्यावेत आणि मग कावळ्यानं यावं. इथं थोरला विश्वजीत पिंडापुढनं उठून धोतर सावरतोय, तोवर कावळा आला, भातावर चोच मारली आणि कृष्णेपलीकडं निघूनही गेला.

"समाधानानं गेला म्हणायचा माणूस," नानासो म्हणाले, पण त्यांचं तोंड उतरलं होतं. नानासो म्हणजे नाथाजींचे चुलतभाऊ. आयुष्यात त्यांनी कामधंदा असा केला नव्हता, पण भावकीतला एक दहावा चुकवला नव्हता. कावळा अडला की लोक त्यांच्या तोंडाकडं बघत. आज कुणी बघितलंच नाही.

घरी आल्यावर विश्वजीतच्या बायकोनं, संयोगितानं, कर्नलपुढं ताट ठेवलं. कर्नल म्हणजे नाथाजींचं कुत्रं. आई कारवानी, बाप गावातला कुणीही. नाथाजी पलटणीत लंगरवर आचारी होते, हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. "जनमभर कर्नलसाहेबांना वाढलं, आता एक कर्नल माझ्या हुकमाची वाट बघंल," असं म्हणून त्यांनी पिल्लाचं नाव ठेवलं होतं. तर त्या कर्नलनं ताट हुंगलं, ताटापुढं बूड टेकलं, आणि घास काही उचलला नाही.

"आई, हा जेवत नाहीये!" संयोगिता ओरडली.

आता साळूबाईला, म्हणजे नाथाजींच्या बायकोला, त्यात नवल काय वाटणार? तिला कारण पाठ होतं. लंगरचा नियम असा की शिजलेलं आधी आचाऱ्यानं चाखायचं, मग जवानांना वाढायचं. नाथाजी ती सवय घरी घेऊन आले. पेन्शनीवर आल्यापासून सत्तावीस वर्षं, दोन वेळचं, साळूबाईनं ताट वाढलं की गडी पहिला घास तोंडात घाली, डोळे मिटे आणि म्हणे, "मीठ कमी हाय." एक दिवस चुकला नाही. साळूबाईनं रागारागानं मूठभर मीठ घालून बघितलं, तरी "मीठ कमी हाय." पुढं कर्नल आला, तर त्याच्याही ताटातली भाकरी मोडून खायची आणि तेच म्हणायचं. ते ऐकलं की कर्नल तोंड खाली घालणार. त्याच्या आधी तुम्ही मटण ठेवा नाहीतर श्रीखंड, कुत्रं ढिम्म हलायचं नाही.

माणूस गेल्यापासून दहा दिवस साळूबाईच पहाटे धार काढायला जाताना पदराखाली भाकरी न्यायची, गोठ्यात बसून त्यातला एक घास स्वतः खायची आणि "मीठ कमी हाय" म्हणायची. घरात चूल पेटत नव्हती, सोयरेधायरे कडू घास म्हणून डबे आणत होते, त्यामुळं दुसऱ्यांच्या रांधण्याला नावं ठेवायला तिला तेवढंच बरं वाटायचं. कर्नल खायचा. सकाळी तो बाकीच्यांना गोठ्यात लोळताना दिसायचा. कुत्र्याकडं बघायला सवड कुणाला होती?

"अगं, त्यातला एक घास तू आधी खा," असं सुनेला सांगायला साळूबाईनं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात सोप्यातनं पोरांचं बोलणं कानावर आलं.

"सहा महिने तुझ्याकडं पुण्याला, सहा महिने माझ्याकडं सांगलीला," धाकटा शंभूराज म्हणत होता.

"हिवाळा तुझ्याकडे. तिला पुण्याची थंडी सोसणार नाही," विश्वजीत म्हणाला. आईची किती ती काळजी! "घर खताच्या गोदामाला देऊ, पार्टी तयार आहे. म्हैस विकून टाकू. आणि कुत्रं देऊ रानातल्या कुणाला तरी. तेरावा झाला की आईला घेऊनच निघतो."

साळूबाईनं उघडलेलं तोंड मिटलं. पन्नास वर्षं या घराच्या भिंती तिनं सारवल्या होत्या, मग रंगवल्या होत्या. आणि तिला कुठल्या ऋतूत कुठं ठेवायची ते उसाच्या बेण्यासारखं ठरलं होतं, तिला न विचारता. पुण्याचं घर चौदाव्या मजल्यावर. तिथं ती एकदा आठ दिवस राहिली होती आणि आठही दिवस तिला कुणी गॅसला हात लावू दिला नव्हता.

"न्हाई जेवत?" ती सुनेला म्हणाली. "अरं देवा. आता काय करायचं?"

करायचं काय ते संयोगितानं मोबाइलला विचारलं. मोबाइलला सगळं ठाऊक असतं, सासूला काय ठाऊक असणार! मोबाइल म्हणाला, भांडं बदला. तर शंभूराजनं सांगलीहून हाडाच्या चित्राचं भांडं आणलं. कर्नल त्यातलं पाणी प्यायला. मोबाइल म्हणाला, अन्न कोमट करून द्या. दिलं. मोबाइल म्हणाला, कोंबडीचा रस्सा घाला. आता सुतकात कोंबडी कशी शिजवायची, यावर अर्धा दिवस खल झाला. शेवटी नानासोंनी निकाल दिला की कुत्र्याला सुतक नसतं. मग परड्यात तीन दगड मांडून रस्सा केला. कर्नलनं तो हुंगला आणि पाठ फिरवली. मागनं तो रस्सा कुठं गेला ते कुणी विचारलं नाही, पण नानासोंच्या मिशा दिवसभर चकाकत होत्या.

माणसाला दुखलं-खुपलं तर मिरज जवळ, पण कुत्र्याचा डॉक्टर सांगलीत निघाला. कर्नल दुसऱ्या कुणाच्या हाताला लागत नव्हता, म्हणून धरायला साळूबाईला गाडीत मागं बसवली. डॉक्टरनं जबडा उघडून बघितला, पोट चाचपलं, ताप बघितला.

"कुत्रं ठणठणीत आहे," तो म्हणाला. "खरंच उपाशी असतं तर दोन-तीन दिवसांत असं राहिलं नसतं. घरात काही बदल झालाय का?"

"वडील वारले," विश्वजीत म्हणाला.

"मग झालं की. ते कसं खायला घालायचे, कुठं, कुठल्या वेळेला, ते तसंच करून बघा. या आजींना विचारा ना, यांना माहीत असेल."

डॉक्टर साळूबाईकडं बघत होता. साळूबाई कर्नलकडं बघत होती. पहाटेची भाकरी तिनं अजून एकदाही चुकवली नव्हती. खोटं बोलायला तिला आवडायचं नाही. कुणी विचारलं असतं तर तिनं तिथंच सगळं सांगून टाकलं असतं.

"तिला काय कळतंय, डॉक्टर," विश्वजीत म्हणाला. "तुम्ही एखादं टॉनिक द्या."

परतताना साळूबाईनं मागनं विचारलं, "काय म्हनला रं डाक्टर?"

"तुला नाही कळायचं, आई. मानसिक आहे."

"बरं बाबा," साळूबाई म्हणाली आणि कर्नलच्या कानामागं खाजवत बसली. लेक एवढा शिकला, पण समोरचा माणूस काय म्हणाला ते त्याला ऐकू येत नव्हतं. याचं टॉनिक डॉक्टरकडं नसावं.

दुसऱ्या दिवशी तेरावा. मांडवात पंगत बसली, पानं वाढली. कर्नल आपल्या ताटापुढं तसाच. आणि नानासोंच्या डोक्यात प्रकाश पडला. घाटावर हुकलेली संधी देवानं दारात आणून बसवली होती.

"थांबा! कुनी घास उचलू नका!" ते उभे राहिले. "कावळा घाईत होता, तवाच मला शंका आलती. नाथाचा जीव कावळ्यात न्हवताच. त्यो हितं अडकलाय!" आणि त्यांनी बोट केलं कर्नलकडं.

पंगतीतला हात पानावरच राहिला. दीडशे माणूस, समोर गरम भात, वर आमटी, आणि कुत्रं जेवल्याशिवाय जेवायचं नाही! दोन मिनिटांत सगळ्या मांडवाला नाथाजींच्या आत्म्याची कळकळ लागली.

"आरं, शब्द द्या की पोरांनो! भात निवतोय!"

विश्वजीत कंपनीत चाळीस माणसांचा साहेब. तो हात जोडून कुत्र्यापुढं उभा राहिला. लोकांनी मोबाइल काढले.

"दादा, तुमचा मोठा फोटो करून लावीन," तो म्हणाला. वडिलांना दोघंही दादाच म्हणत. कर्नलनं त्याच्याकडं बघितलं.

"दरसाल औंधच्या यमाईला घेऊन जाईन सगळ्यांना." कर्नलनं कान खाजवला.

"शाळेला बाकं देईन." कर्नलनं जांभई दिली.

मग शंभूराजला रडू फुटलं. "दादा, मी दारू सोडतो!" तो म्हणाला. मागच्या रांगेतले त्याचे तीन मित्र घाबरून एकमेकांकडं बघायला लागले. पण कर्नल काही तेवढ्यावर मानणारा नव्हता.

साळूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. एरवी तिला हसू आलं असतं. आता ती एकेक शब्द मोजत होती. पोरं निघायच्या बेतात होती, तिची पिशवी संयोगितानं सकाळीच भरून गाडीत ठेवली होती. फोटो झाला, यमाई झाली, बाकं झाली, दारू झाली. आई काही यादीत येईना.

"आता काय राहिलं?" विश्वजीत वैतागून म्हणाला.

"बाबा," नानासो म्हणाले, "तुझी आई राहिली की."

रिकामटेकड्या माणसाच्या तोंडून जन्मात एकदा असं वाक्य निघतं. साळूबाईनं त्यांचा रस्सा माफ केला.

"आईचं ठरलंय," विश्वजीत पुटपुटला.

"काय ठरलंय?"

मग सहा महिने, सहा महिने, गोदाम, म्हैस, सगळं मांडवात बाहेर आलं.

"आन हे ठरवलं कुनी?" पंगतीतनं एक म्हातारा म्हणाला.

"आम्ही दोघांनी."

"वैनींना इचारलं?"

विश्वजीतनं शंभूराजकडं बघितलं, शंभूराजनं आमटीच्या बादलीकडं. कर्नल दोघांकडं बघत होता, अगदी नाथाजी बघायचे तसं. निदान विश्वजीतला तरी तसं वाटलं असणार, कारण त्याची पुण्याची भाषा गळून पडली.

"दादा, आई हितंच ऱ्हाईल," तो म्हणाला. "ह्याच घरात. तिच्या मनात असंल तवर. घर कुनाला द्यायचं न्हाई, म्हस इकायची न्हाई. कर्नलबी हितंच. शब्द देतो."

"मीबी देतो," शंभूराज म्हणाला.

साळूबाई उंबऱ्यावरनं उतरली. मांडवातनं चालत कर्नलपाशी गेली, खाली बसली, त्याच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

कर्नलनं तोंड खाली घातलं आणि ताट चाटूनपुसून मोकळं केलं.

मांडवात काय गलका उडाला! कुणी नाथाजींचा जयजयकार केला, कुणी डोळे पुसले, बहुतेकांनी भात कालवला. नानासो तर अंगात आल्यासारखे डोलत होते. म्हातारीनं कुत्र्याच्या ताटातलं खाल्लं, हे दीडशे माणसांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. भाकरी संयोगिताच्या हातची, तिनं मिठाचं तेवढं ऐकलं होतं.

"आई, मीठ बरोबर होतं हं," ती फुरंगटून म्हणाली.

दुपारी पोरं निघाली. पिशवी गाडीतनं उतरवली. विश्वजीतनं काच खाली केली आणि म्हणाला, "आई, कर्नल जेवला की रोज फोन कर. विसरू नको."

"करीन," साळूबाई म्हणाली. तीन दिवस सगळं गाव विचारत होतं, कुत्रं जेवलं का. तू जेवलीस का, असं तेरा दिवसांत एकानंही विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती जेवली नव्हती. पहाटेचा गोठ्यातला तो एक घास, तेवढाच पोटात जायचा.

दिवेलागणीला तिनं आपल्या हातानं चूल पेटवली. माणूस गेल्यापासून पहिल्यांदा. दोन भाकऱ्या थापल्या, डाळीची आमटी केली, कर्नलच्या ताटात कुस्करून ठेवली. स्वतःचं ताट घ्यायची इच्छा नव्हती. कर्नल ताटापुढं बसला आणि तिच्या तोंडाकडं बघायला लागला.

"खा की रं," ती म्हणाली. "आता कुनी न्हाई बघायला."

कर्नल हलला नाही. तिनं नुसता हात ओठाला लावून खाल्ल्यासारखं केलं. पलटणीतला कर्नल फसेल, हा फसणारा नव्हता.

"मुडद्या, त्याचाच तू," ती म्हणाली आणि घास मोडून तोंडात घातला.

आमटी झकास झाली होती. मीठ मोजून घातल्यासारखं बरोबर. आणि साळूबाईला एकदम समजलं, की ते सत्तावीस वर्षं बरोबरच होतं. त्या माणसालाही ते पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं ती त्या तीन शब्दांवर नवऱ्याशी भांडत आली, आणि आता ते म्हणायला या घरात तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. स्वतःच्या रांधण्याला, स्वतःच्या तोंडानं. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. कर्नल वाट बघत होता.

"आवं, ऐकताय न्हवं?" ती रिकाम्या पाटाकडं बघून म्हणाली. "मीठ कमी हाय."

कर्नलनं तोंड खाली घातलं. साळूबाईनं दुसरं ताट ओढलं आणि त्यात भाकरी वाढून घेतली.